फाशीच्या कैद्याचा स्वल्पविराम

विरामचिन्हांचा पाठ आला की वर्गात एक कैदी हजर केला जातो. शाळा अकोले तालुक्याच्या डोंगरातली जिल्हा परिषदेची असो की नगर शहरातली भरभक्कम फीची, फळ्यावर वाक्य ठरलेलं: ‘सोडू नका फाशी द्या’. मग गुरुजी आवाज खाली आणून सांगतात, “बघा पोरांनो, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला की माणूस जिवानिशी जातो!” पोरं माना डोलावतात. कैदी पुढच्या वर्षीच्या सातवीसाठी राखून ठेवला जातो.

एकदा तो स्वल्पविराम खरोखरच सरकवून बघावा. ‘सोडू, नका फाशी द्या’ असं मराठी माणूस कधी बोलेल? ‘नका’ला ‘देऊ’ लागतं, ‘द्या’ चालत नाही. हिंदीतलं ‘रोको मत जाने दो’ दोन्ही अंगांनी वळतं, म्हणून तिथे गंमत जमते. मराठीत कैद्याचा निकाल क्रियापदाने आधीच लावलेला असतो. ‘सोडू नका फाशी द्या’ म्हटलं की तो गेला, चिन्ह असो वा नसो. ‘फाशी देऊ नका सोडून द्या’ म्हटलं की सुटला, आणि घरी जाताना स्वल्पविरामाचे आभार मानायचीही गरज नाही.

आपल्याकडे शिकवण्याची उलटी गंगा आहे ती इथेच. वाक्य कशाचं बनतं हे बाजूला राहतं आणि चिन्हांचा तक्ता आधी येतो. तीन रकाने: नाव, चिन्ह, उदाहरण. अर्धविराम पाठ, अपूर्णविराम पाठ, संयोगचिन्ह पाठ. शिष्यवृत्तीच्या पेपरात चार पर्यायांतलं एक वर्तुळ काळं करायचं की झालं. अर्धविरामाचं वर्तुळ बिनचूक काळं करणारी पोरं उभ्या आयुष्यात एक अर्धविराम लिहीत नाहीत. (त्यांना शिकवणारेही लिहीत नाहीत, पण ते असो.)

आता त्याच पोराची ‘आमची सहल’ वाचा. ‘आम्ही पहाटे उठून आंघोळ करून डबा घेऊन गाडीत बसून भंडारदऱ्याला जाऊन धरण बघून डबा खाऊन रंधा धबधबा बघून फोटो काढून परत येऊन झोपलो.’ गुरुजी लाल पेनने नऊ ठिकाणी स्वल्पविराम घालतात, खाली ‘विरामचिन्हांकडे लक्ष द्यावे’ लिहितात आणि पुढची वही ओढतात. पण पोराचं व्याकरण चुकलेलं नाही. मराठीतलं ‘ऊन’वालं धातुसाधित एवढं मोकळ्या हाताचं आहे की पहाटेपासून झोपेपर्यंतचा दिवस एकाच क्रियापदाला टांगता येतो. नऊ स्वल्पविराम घातले तरी वाक्य ते एकच, फक्त आता ते अडखळतं. त्याला विचारायला हवं की बाबा, यातलं तुला सांगायचंय काय? धबधबा ना? मग धबधब्याला त्याचं स्वतःचं क्रियापद दे. ‘रंधा धबधबा बघितला.’ आता पूर्णविराम कुठे द्यायचा हे कोणी शिकवावं लागत नाही. मराठीत क्रियापद बहुधा शेवटीच येऊन बसतं, त्याच्या पाठीमागे टिंब ठेवायचं.

आणि पोरांना चिन्हं कळत नाहीत हा शोध कोणी लावला? अकोले, संगमनेर, राहुरीच्या उसाच्या पट्ट्यातल्या कुठल्याही वर्गात ‘बिबट्या आला’ एवढे दोनच शब्द लिहा आणि वाचायला सांगा. पूर्णविराम असलेला बिबट्या काल रात्री येऊन गेला, शेळी गेली, विषय संपला. प्रश्नचिन्हातला शेजारच्या वस्तीवरच्याने फोनवर सांगितलेला. उद्गारचिन्हातला मात्र बांधावर उभा. एकही पोर चुकायचं नाही, मागच्या बाकावरचं तर मुळीच नाही. हा पाठ घ्यायला तक्ता लागत नाही आणि कैदीही लागत नाही.

तशी ही चिन्हं मराठीत फार जुनी नाहीत. मोल्सवर्थच्या कोशाला हातभार लावणाऱ्या मेजर थॉमस कँडी यांनी 1850 मध्ये ‘विरामचिन्हांची परिभाषा’ लिहिली, तेव्हा कुठे आपण इंग्रजी धर्तीवर थांबायला लागलो. त्याआधी मोडीत आधी रेघ ओढायची आणि शब्दांना खाली लटकवत सुटायचं, दोन शब्दांत फटसुद्धा नाही. याच नगर जिल्ह्यात नेवाशाला 1290 मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली, तीही स्वल्पविरामावाचून. तिथे वाक्य इतकं पक्कं बांधलेलं होतं की ओवी आपली आपण थांबत होती. आपल्याकडे आता चिन्हांची दुकानं आहेत, बांधणीचं नाव नाही.

शाळा सुटल्यावर पोर वाचतं काय? चौकातला फ्लेक्स. त्यावर ‘भावी आमदार’च्या पुढे पाच उद्गारचिन्हं, एकेक कार्यकर्त्याच्या वर्गणीचं असावं. ‘शुभेच्छुक’च्या मागे टिंबांची रांग, शिरापूरपासून शेवगावपर्यंत पुरेल एवढी. अर्थाला धरून वापरलेलं एकच चिन्ह अलीकडे जिल्ह्याने पाहिलं, ते म्हणजे कंस. 2024 मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि जुनं नाव कंसात जाऊन बसलं. कंसमामाला एवढं काम पूर्वी कधी नव्हतं.

खरा धडा मात्र मुख्याध्यापकांच्या टेबलावर पडलेला असतो. वरच्या कार्यालयाचं पत्र: ‘उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की,’ आणि मग दीड पान. तो ‘की’नंतरचा स्वल्पविराम शेवटचा, त्यानंतर थेट सही-शिक्का. माहिती विहित नमुन्यात आजच सादर करण्यात यावी, विलंब झाल्यास जबाबदारी निश्चित करण्यात येईल, हे सगळं एका दमात. याच पत्राला उत्तर भरता भरता गुरुजींचा भाषेचा तास बुडालेला असतो.

तो बुडवू नये. पत्र उचलून तसंच सातवीच्या वर्गात न्यावं आणि फळ्यावर लिहावं: दहा वाक्यं करा, प्रत्येक वाक्यातला कर्ता अधोरेखित करा. पोरं हुशार आहेत, दहाची बारा वाक्यं करतील. मग पहिल्या बाकावरून हात वर येईल, “सर, कळवतंय कोण? निश्चित कोण करणार? कर्ता कुठंय?”

गुरुजींनी खरं ते सांगून टाकावं. “बस खाली. तो मंत्रालयातही सापडलेला नाही.”