स्क्रीनवाले गुरुजी

गुरुजींची मारुती ८०० गल्लीत शिरली की आधी सायलेन्सर ऐकू येतो. मग "सौ मीटर के बाद बाएँ मुड़ें" असं सांगणारी बाई ऐकू येते. आणि तिचं वाक्य पुरतं व्हायच्या आत गुरुजी ऐकू येतात, "कायले मुडू? तिकडं बोडी आहे ना बाई!"

हे गुरुजी फक्त चिचगडातच आहेत असं समजू नका. देवरी, आमगाव, सालेकसा, कुठंही जा, एक तरी नमुना भेटेल. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त, थोडं धानाचं शेत, मुलगा पुण्याला, अंगणात म्हातारी गाडी. मुलगा दर दिवाळीला येतो आणि म्हणतो, "बाबा, विकून टाका आता." गुरुजी हो म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मुलाची गाडी गोंदिया स्टेशनातून सुटली की परतीच्या वाटेवर आपल्या गाडीला काहीतरी नवं घेऊन येतात. एका वर्षी सीट कव्हर, एका वर्षी ट्रकला शोभेल असा हॉर्न.

डॅशबोर्डवर स्क्रीन बसवण्याचं कारण मात्र सरकारी होतं. गाडी २००३ची. पंधरा वर्षं २०१८ साली भरली, तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, फी ६०० रुपये. २०२३ साली पुन्हा गेले तर आकडा ५,००० झालेला. एप्रिल २०२२पासूनच वाढला होता. गुरुजींपर्यंत पोचायला त्याला वर्ष लागलं. "पाहा," ते मला म्हणाले, "म्हाताऱ्या माणसाले सरकार पेन्शन देते, अन् म्हाताऱ्या गाडीकडून घेते." दोन दिवस ते गाडीभोवती फिरले. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "पाच हजार भरले ना जी, मंग तिच्या तोंडावर काही दिसाले नको?"

आता अडचण अशी की ८००चं तोंड लहान. टेप बसायची खाच अठरा सेंटिमीटर रुंद आणि पाच सेंटिमीटर उंच. हे माप मूळचं जर्मनांचं. दुकानदार ज्याला 'सिंगल डिन' म्हणतो त्यातलं डिन म्हणजे जर्मनीच्या मानक संस्थेची आद्याक्षरं. सात इंची स्क्रीनला उंची लागते याच्या दुप्पट. गुरुजींनी पस्तीस वर्षं गणित शिकवलेलं. पाचात दहा जात नाही, हे त्यांनी कित्येक पोट्ट्यांना छडीनं पटवून दिलेलं. पण गोंदियाच्या दुकानातला पोरगा म्हणाला, "बसवतो काका," आणि गुरुजींचं गणित तिथंच संपलं. डॅशबोर्डवर हॅक्सॉचं पातं फिरायला लागलं तेव्हा ते बाहेर जाऊन दुकानाकडं पाठ करून उभे राहिले. घरच्या बकऱ्यावर सुरी फिरताना मालक उभा राहतो, तसे.

पोरगा हुशार होता, फक्त घाईत होता. स्क्रीनच्या मागून वायरींचं जटाधारी जंजाळ निघतं. त्यातल्या दोन वायरी महत्त्वाच्या: पिवळी आणि लाल. पिवळीला बॅटरीतून बारा व्होल्ट अखंड मिळाले पाहिजेत, म्हणजे घड्याळ आणि सेटिंग लक्षात राहतं. लालला चावी फिरवल्यावरच करंट मिळायचा, म्हणजे स्क्रीनला कधी उठायचं आणि कधी झोपायचं ते कळतं. हळद वेगळी, कुंकू वेगळं. पोरानं दोघींची एकच गाठ मारली आणि वरून काळी चिकटपट्टी गुंडाळली. स्क्रीन कधी झोपेचना. चौथ्या दिवशी पहाटे गुरुजींनी सेल्फ मारला तर गाडी नुसती 'टक्' म्हणाली.

धक्का मारायला आम्ही पाच जण. गुरुजी स्टिअरिंगवर. गाडी घरघरली, सुरू झाली, आणि आम्ही गुडघ्यांवर हात ठेवून दम खात असताना खिडकीतून आवाज आला, "या, पाहून जा! सुरू होताना मारुतीचं चिन्ह येते!" खरंच यायचं. मात्र त्यानंतर बाकीचं उघडायला इतका वेळ लागायचा की गाडी तोवर बसस्टँडवर पोचलेली असायची. आम्ही मात्र खिडकीशी वाकून ते चिन्ह पाहिलं. न पाहून सांगता कोणाला!

स्क्रीनला गाडीच्या परिस्थितीची काही कल्पना नव्हती. ती विचारायची, स्टिअरिंगवरची बटणं कोणती ते शिकवा. स्टिअरिंगवर हॉर्नखेरीज काही नाही. ती टायरमधली हवा दाखवायला एक चौकट उघडायची. चारही टायरांपुढे आडव्या रेघा. काच अजून हातानं फिरवून खाली करावी लागते आणि गाडीला एसी नाही, पण स्क्रीनवर बर्फाच्या डोंगराचं चित्र आहे. मे महिन्यात देवरीला जाताना गुरुजी ते लावतात.

नियम असा की पुढच्या स्क्रीनवर व्हिडिओ फक्त गाडी उभी असताना दिसावा. त्यासाठी एक वायर हँडब्रेकला जोडायची असते. दुकानदार ती सरळ बॉडीला जोडून मोकळे होतात. गुरुजींना हे मी समजावलं तर ते म्हणाले, "हँडब्रेक कुठं लागते आपला? आपण चाकाखाली गोटा लावतो." तरी माणूस कायद्याचा. चालत्या गाडीत व्हिडिओ लावत नाहीत. संध्याकाळी अंगणात गाडी उभी करून, चाकाखाली गोटा ठेवून, आत बसून झाडीपट्टीचं नाटक पाहतात. घरात बत्तीस इंची टीव्ही आहे. काकू चहाचा कप खिडकीतून आत देतात आणि म्हणतात, "तिकीट किती लावलं जी?"

मागचा कॅमेरा हे वेगळंच प्रकरण. पूर्वी गाडी मागं घ्यायची तर शेजारचा पोट्टा ओरडायचा, "येऊ द्या, येऊ द्या, बस्स!" कॅमेरा आल्यावर त्याची नोकरी गेली. पावसाळा लागला, रोवणीचे दिवस आले, कॅमेऱ्यावर चिखल बसला. आता तोच पोट्टा आधी कॅमेरा पुसतो. पुसून झाल्यावर मागं उभाच असतो, मग सवयीनं ओरडतो. गुरुजी स्क्रीनकडं पाहतात आणि ऐकतात त्याचं.

पण मूळ गोष्ट नकाशाची. गुरुजींनी या भागातल्या किती गावांत नोकरी केली, आणि तीही सायकलवर. ककोडीकडच्या रानातली एकेक वाट त्यांना पायदळ ठाऊक. त्यांना रस्ता विचारायची गरज नाही; रस्ताच त्यांना विचारून वळला असेल. तरी घरून निघताना ते नकाशा लावतातच. मला आधी वाटायचं, हौस. नंतर कळलं, बाई चुकण्याची ते वाट पाहतात. जंगलात रेंज जाते, स्क्रीनवर नुसता हिरवा रंग उरतो आणि त्यात निळा बाण एकटाच पोहत राहतो. तिथं गुरुजींच्या आवाजाला वर्गातली धार येते. "सांग आता! हे कोणतं गाव? नाही येत ना? बस खाली." मग स्वतःच गाव सांगतात, तिथली शाळा सांगतात, कोणत्या साली कौलं फुटली होती ते सांगतात. पस्तीस वर्षांत इतका शांत विद्यार्थी त्यांना भेटला नसावा. चुकली तरी उलटून बोलत नाही. पुन्हा पहिल्यापासून रस्ता शोधू लागते.

मंडईच्या दिवसांत देवरीतल्या एकानं गाडीला गिऱ्हाईक आणलं. त्यानं दरवाजा उघडला, आत पाहिलं आणि विचारलं, "टीव्हीचे किती, अन् गाडीचे किती?" गुरुजींनी त्याला चहासुद्धा विचारला नाही. चिचगडात ही शिवी समजतात.

गेल्या महिन्यात आम्ही गोंदियाहून रात्री परतत होतो. आमगाव सोडल्यावर फ्यूज उडाला आणि स्क्रीन काळी पडली. गाडी चालत होती, पण आत भयाण शांतता. गुरुजींनी दोनदा स्क्रीनवर बोट टेकवून पाहिलं. देवरी गेलं, ते बोलले नाहीत. चिचगडची पहिली घरं लागली. घरापुढं गाडी थांबली, मी उतरून चाकाखाली गोटा लावला, तेव्हा आतून, त्या बाईच्याच संथ सुरात, आवाज आला, "आप अपनी मंज़िल पर पहुँच गए हैं."

मागच्या सीटवरून काकू म्हणाल्या, "पोचलो ते दिसते. आधी माझ्या बाजूचं दार उघडा, आतून निघत नाही."