दूरदृष्टीबाई

दूरदृष्टीबाईंची आणि माझी ओळख भिंगातून झाली. बाई राहतात फूटभरही रुंद नसलेल्या एका छापचित्रात. मूळ नाव प्रुडेन्शिया, गाव अँटवर्प. 1559 च्या सुमारास चित्रकार पीटर ब्रूगेलने त्यांना कागदावर रेखाटलं, मग त्या तांब्याच्या पत्र्यावर कोरल्या गेल्या आणि हिएरोनिमस कॉकच्या छापचित्रांच्या दुकानात सात सद्गुणांच्या संचातून विकायला आल्या. छापताना चित्र उलटं उमटतं, त्यामुळे डाव्याचं उजवं झालं. एवढी एकच गोष्ट बाईंच्या आयुष्यात आयत्या वेळी घडली असेल.

बाईंच्या डोक्यावर चाळणी आहे. मला आधी वाटलं, पावसात सापडल्या आणि हाताला लागेल ते डोक्यावर घेतलं. पण बाई पावसात सापडतीलच कशा? चाळणी आहे ती बरं-वाईट चाळून घ्यायला. एका हातात आरसा आहे, स्वतःला नीट ओळखण्यासाठी. (कॉकच्याच दुकानात गर्वबाईंच्याही हातात आरसाच आहे, पण तो चेहरा बघायला, म्हणून ते पाप.) आणि दुसरा हात? तो शवपेटीवर. अगदी सहज, आपण खुर्चीच्या पाठीवर ठेवतो तसा. पायाखाली शिड्या, जवळच आग विझवायच्या चामडी बादल्या.

बाईंभोवती सगळं गाव बेगमीला जुंपलंय. कुणी मांस खारवून ठेवतंय, कुणी सरपण रचतंय, कुणी पेटीत पैसे टाकतंय. जेवताना मात्र कुणी दिसत नाही. बाईंच्या जातीची माणसं अशीच. आज काय केलंत विचारावं, तर उद्याचं सांगतात. त्यांच्याकडे पाहुणा कधी अवचित जात नाही; तो निघायच्या आधीच त्याच्या परतीची सोय झालेली असते. बरं, त्यांचं चुकतं म्हणावं तर तेही नाही. आग लागली की आपण बादली मागायला त्यांच्याच दारात उभे.

याच संचातली धाकटी बहीण संयमबाई तर त्यांच्याही वरताण. डोक्यावर घड्याळ, कमरेला पट्टा म्हणून साप आणि चष्मा असून तो हातात. उभी कुठे, तर पवनचक्कीच्या पात्यावर. तोंडात लगाम असल्यामुळे तिला कुरकुरायचीही सोय नाही.

याच दुकानात 1558 पासून सात पापंही विकायला होती. त्यातल्या आळसबाई मी भिंग लावून पुन्हा पुन्हा पाहतो. आजूबाजूला गोगलगायी सरपटतायत. बाई गाढवाला टेकून गाढ झोपल्यात, गाढवही झोपलंय, आणि मागे एक विचित्र प्राणी त्यांची उशी नीट करतोय.