आधी सुटायची वेळ सांगा

मुंबईतल्या पोलीस शिपायाला घरून फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "कधी सुटणार?" उत्तरही ठरलेलं असतं, "सांगता येत नाही." ताणाची कारणं शोधायला निघालेल्या माणसाने आधी या उत्तरापाशी थांबावं. गुन्हेगार, वरिष्ठांचा ओरडा, लोकांच्या शिव्या, उन्हातान्हात उभं राहणं हे सगळं आहेच. पण माणूस त्या सगळ्याला सरावतो. 'सांगता येत नाही'ला कोणी सरावत नाही.

ड्युटी बहुतेकदा बारा तासांची. सुटायच्या वेळी नाकाबंदी लागते, मोर्चा निघतो, मंत्र्यांचा ताफा येतो, आणि बाराचे चौदा-सोळा तास होतात. गणपतीत रजा बंद. घरचा गणपती भावाच्या हाती सोपवून हा माणूस चौपाटीवर इतरांच्या गणपतीला वाट करून देत उभा असतो. मुलाचं स्नेहसंमेलन, आईला डॉक्टरकडे न्यायचं, मेहुणीचं लग्न, कशालाही 'नक्की येतो' म्हणता येत नाही. शब्द द्यायची चोरी, आणि दिलाच तर पाळता येईल याची खात्री नाही. अशा माणसाचं रक्तदाबाचं औषध चाळिशीच्या आत सुरू झालं तर नवल कसलं? आणि उपाय म्हणून त्याला काय मिळतं? रात्रपाळी करून आलेल्याला सकाळी सभागृहात बसवून तणावमुक्तीचं व्याख्यान. हजेरी सक्तीची. झोपेचे दोन तास काढून घेऊन झोपेचं महत्त्व समजावणं हा त्या माणसाचा अपमान आहे.

याच मुंबईत 2016 साली याहून शहाणी गोष्ट घडली, आणि ती आपण पुरेशी लक्षात ठेवलेली नाही. देवनार पोलीस ठाण्यातल्या एका पोलीस नाईकाने स्वतःच डोकं लावून आठ तासांच्या पाळ्यांचा आराखडा तयार केला. नवी भरती न मागता, आहे त्याच माणसांत ते कसं बसेल याचा हिशेब मांडला आणि तो वरपर्यंत पोचवला. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्तात्रय पडसलगीकर यांनी तो नुसता ऐकून घेतला नाही, त्याच वर्षी मे महिन्यात देवनारलाच प्रयोग सुरू केला. पुढे 2018च्या सुरुवातीला आठ तासांची ड्युटी मुंबईतल्या सगळ्या पोलीस ठाण्यांत लागू झाली.

हा आराखडा कुणा तज्ज्ञाच्या टेबलावर तयार झाला नव्हता. ज्याला ताण होता त्यानेच कारण ओळखलं होतं, आणि ते कारण हजेरीच्या तक्त्यात सापडलं होतं. मानसोपचाराची भाषा न वापरता त्या नाईकाने ताणावरचा फार नेमका इलाज लिहिला. आयुक्तांनी सही केली म्हणून तो कागदावरून रस्त्यावर आला. ताणाच्या व्यवस्थापनात सहीचा अधिकार असलेल्या माणसाची जबाबदारी किती मोठी आहे, हे या एका प्रसंगातून कळतं. दुर्दैवाने हेही खरं की करोनाच्या काळात ही घडी विस्कटली आणि नंतरही ती सगळीकडे सारखी बसली नाही. 2022च्या जानेवारीत राज्यातल्या महिला पोलिसांसाठी आठ तासांच्या ड्युटीचा आदेश निघाला, तोही चांगलाच. पण सणवार आणि बंदोबस्त आला की आदेशाला वाकवायची सवय आपल्याकडे जुनी आहे. अधिकारी बदलला की पाळी बदलते, ही आपली खरी अडचण.

वेळ ठाऊक असण्याने एवढा फरक पडतो का, असं कोणी विचारेल. पडतो, आणि तो शरीरात मोजता येतो. अमेरिकेत जे वाइस नावाच्या संशोधकाने पन्नासएक वर्षांपूर्वी उंदरांवर प्रयोग केले. दोन उंदरांना विजेचे अगदी सारखेच झटके बसत होते. त्यातल्या एकाला चाक फिरवून झटका थांबवता येत होता. तो थांबला की दुसऱ्याचाही थांबे, पण दुसऱ्याच्या हाती काही नव्हतं. जठरात जखमा झाल्या त्या प्रामुख्याने या दुसऱ्याच्या. झटक्याआधी इशाऱ्याचा आवाज ऐकू येणाऱ्या उंदरांनाही, इशारा न मिळणाऱ्यांपेक्षा कमी जखमा झाल्या. झटके तेवढेच, नुकसान निरनिराळं.

उंदीर पटत नसतील तर साहेबांच्या देशातले कारकून घ्या. लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या सतरा हजारांहून अधिक सरकारी नोकरांचा अभ्यास 1967 पासून सुरू झाला. मायकेल मार्मट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्यात दिसलं ते समजुतीच्या उलटं होतं. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण सगळ्यात जास्त होतं ते तळाच्या श्रेणीत, सर्वोच्च श्रेणीच्या तिपटीहून अधिक. सिगारेट, रक्तदाब वगैरे कारणं वजा केल्यावरही मोठा फरक उरत होता. 1985 पासून झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्या फरकाचा एक ठळक धागा हाती लागला. आपलं काम कसं आणि कधी करायचं यावर ज्यांची काहीच सत्ता नव्हती, त्यांचं हृदय जास्त धोक्यात होतं. 'मोठ्या पदाला मोठा ताण' हे वाक्य आपल्याकडे वरिष्ठ मंडळी फार आवडीने म्हणतात. ते त्यांनी आता सोडून द्यावं. रात्री साडेदहाला मीटिंग लावणाऱ्याला ती कधी संपवायची हे ठाऊक असतं. मुलाला झोपवता झोपवता कॅमेरा बंद करून त्या मीटिंगला बसलेल्या मुलीला ते ठाऊक नसतं.

शरीराचा यात दोष नाही. धोका दिसला की अॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात धावतं, पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं, साखर रक्तात उतरते. धोका टळला की सगळं पूर्ववत होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी, स्टेजवर जाताना, रुग्णवाहिका चालवताना हा ताण उपयोगाचाच असतो. बिघाड होतो तो धोका संपल्याची खूण मिळतच नाही तेव्हा. फोन उशाशी ठेवून, कुठल्याही क्षणी वाजेल या बेताने झोपणाऱ्याचं शरीर रात्रभर ड्युटीवर असतं.

तास तर मोजलेच पाहिजेत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी 2021 साली मिळून मांडलेला हिशेब असा आहे: आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी जास्त, आणि हृदयविकाराने मरण्याचा 17 टक्क्यांनी. हे छापून आल्यावरही आपल्या देशातल्या बड्या उद्योगपतींनी 2023 साली आठवड्याला 70 तासांचा आणि 2025 साली 90 तासांचा आग्रह धरला. स्वतःच्या कंपनीत मालकी आणि निर्णय हाती असलेल्या माणसाचे 70 तास आणि पगारासाठी दुसऱ्याच्या हुकमावर झिजणाऱ्याचे 70 तास हे एका मापाने मोजणं हा उघड अन्याय आहे.

पुण्यात 2024 साली 26 वर्षांची एक सनदी लेखापाल मुलगी एका मोठ्या सल्लागार कंपनीत मार्चमध्ये रुजू झाली आणि जुलैत वारली. कामाच्या ओझ्याबद्दल तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना लिहिलेलं पत्र सप्टेंबरात देशभर वाचलं गेलं. त्यानंतर कामगार विभागाचे अधिकारी तपासणीला गेले, तेव्हा कळलं की त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नव्हती. म्हणजे कामाच्या तासांवर मर्यादा घालणारा जो कायदा, त्याच्या वहीत ते कार्यालय अनेक वर्षं नव्हतंच. त्या मुलीच्या मृत्यूचं वैद्यकीय कारण ठरवायचा अधिकार मला नाही. पण नोंदणी न तपासणाऱ्या यंत्रणेला आणि ती न करणाऱ्या कंपनीला जाब विचारायचा अधिकार आपल्या सगळ्यांना आहे. आणि या प्रसंगानंतर वर्षभरात, 2025च्या सप्टेंबरात, राज्याच्या मंत्रिमंडळाने खासगी आस्थापनांतली दिवसाच्या कामाची मर्यादा नऊवरून दहा तास करायला मंजुरी दिली. मला हे चुकीच्या दिशेचं पाऊल वाटतं.

आपल्या घरातल्या कामाला तर मर्यादाच नाही. सरकारच्या 2024च्या वेळ-वापर सर्वेक्षणात बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटं गेली, पुरुषांची 88. पण मिनिटांहून वाईट आहे ती चोवीस तासांची उपलब्धता. "जेवायला किती जण?" याचं उत्तर साडेआठपर्यंत मिळत नाही. पाहुणे दारात आल्यावर कळतं. दुपारी पाठ टेकली की बेल वाजते. अशा बाईला आपण प्राणायामाची चित्रफीत पाठवतो. त्यापेक्षा ऑफिसातून सहालाच कळवा की जेवायला आहात की नाही. रविवारची सकाळ स्वयंपाकघर दुसऱ्याने सांभाळायचं, आणि डाळीचा डबा कुठाय असं तिला विचारायचं नाही. तेवढं केलंत तरी बराच ताण उतरेल.

पुण्याच्या पेठांतल्या अभ्यासिकांमध्ये स्पर्धा परीक्षांसाठी बसलेली मुलंही याच रांगेतली. स्पर्धा त्यांनी स्वतः पत्करलेली असते, तिची तक्रार ती फारशी करत नाहीत. 2024च्या ऑगस्टमध्ये राज्यसेवेची पूर्व परीक्षा आणि बँकेची परीक्षा एकाच दिवशी आली तेव्हा ती रस्त्यावर उतरली, आणि परीक्षा पुढे ढकलावी लागली. तारीख, निकाल, नियुक्ती यांचं पक्कं वेळापत्रक लोकसेवा आयोगाने दिलं तर समुपदेशनाच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या होतील, असं मला मनापासून वाटतं.

मग माणसाने स्वतः काहीच करायचं नाही का? करायचं, पण क्रमाने. आठवडाभर एक वही ठेवा. छातीत धडधडलं, डोकं तापलं, मुलांवर विनाकारण ओरडलात की वेळ आणि त्याआधी काय झालं तेवढं लिहा. भावना लिहायची गरज नाही. पाच-सहा दिवसांत एकच नाव, एकच वार किंवा एकच तास पुन्हा पुन्हा दिसू लागतो. 'मला फार ताण आहे' या तक्रारीवर कोणी काही करू शकत नाही. 'दर गुरुवारी सहानंतर दुसऱ्या दिवशीचं काम येतं' या तक्रारीवर करता येतं.

वरिष्ठांशी बोलताना गळा काढायची गरज नाही आणि भांडायचीही नाही. "सर, माझ्याकडे ही चार कामं आहेत. शुक्रवारपर्यंत दोन होतील. कोणती दोन आधी हवीत?" हे वाक्य लेखी पाठवा. निवड त्यांनी करायची, आणि जे राहिलं त्याची जबाबदारीही त्यांचीच. शक्य असेल तिथे दोघा-तिघांनी मिळून विचारा. एकट्याची ती कुरकुर ठरते, तिघांची मागणी होते.

मनाचा भाग उरतोच. साहेब ओरडले ही घटना. 'म्हणजे माझी लायकीच नाही' ही आपण घातलेली भर. ही भर ओळखून तिच्याशी वाद घालायची पद्धत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955च्या सुमारास मांडली, आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांनी ती मराठीत रुजवली. विवेकनिष्ठ उपचारपद्धती या नावाने ती आपल्याकडे चांगली परिचित आहे. ती शिकण्यासारखी आहे, आणि ठाण्याच्या आय.पी.एच.सारख्या मानसिक आरोग्याच्या संस्थांनी असल्या गोष्टी मराठी घरांपर्यंत पोचवल्या याचा मला आदर आहे. पण ती वापरायची कुठे याचं भान ठेवा. 'मला सगळं एकट्यानेच जमलं पाहिजे' या आग्रहावर ती उत्तम चालते. सोळा तासांच्या ड्युटीवर ती चालवणं म्हणजे अन्याय सोसायची तालीम देणं, आणि तसं कोणी करत असेल तर त्याला थांबवलं पाहिजे.

चालणं, झोप, संध्याकाळी मित्राशी बोलणं हे सगळं कराच, त्याने गुण येतो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं वाटत असेल तर वही बाजूला ठेवा आणि 14416 या टेलि-मानसच्या क्रमांकावर फोन करा. सरकारी सेवा आहे, मोफत आहे, मराठीत बोलता येतं. त्या अवस्थेत कारणं शोधत एकट्याने बसू नये.

बाकी माझी विनंती ताण असलेल्यांना कमी आणि ताण देऊ शकणाऱ्यांना जास्त आहे. तुम्ही ठाणेदार असा, मुख्याध्यापक, शाखाधिकारी, टीम लीड किंवा घरातले कर्ते, तुमच्या हाताखाली चार माणसं असतील तर पुढच्या महिन्याचा तक्ता या आठवड्यात लिहून भिंतीवर लावा. साप्ताहिक सुट्टी कोणत्या वारी ते त्यात लिहा. आणि एकदा लावलेला तक्ता आग लागल्याशिवाय बदलू नका.