आहेराची वही

मराठी लग्नात मांडवाच्या दाराशी एक मामा वही उघडून बसतात. कुणाच्या पाकिटात किती, ते टिपून घेतात. पुढच्या वैशाखात तेवढेच परत करायचे असते. वैद्यकीय संशोधकांच्या भावकीत या आहेराला सायटेशन म्हणतात. तुम्ही माझ्या पेपरचे नाव घ्या, मी तुमच्या घेतो.

ही वही यूजीन गारफिल्ड या माहितीशास्त्रज्ञाने १९६४ साली उघडली ती भल्या हेतूने, कुठला लेख पुढे कुणी वापरला हे शोधणाऱ्याला सापडावे म्हणून. मग २००५ साली हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला. तुमच्या वीस पेपरांचा प्रत्येकी निदान वीस वेळा उल्लेख झाला असेल, तर तुम्ही वीस. बस्स. डॉक्टरकीची सगळी हयात एका आकड्यात, दहावीच्या टक्क्यांसारखी.

हा आकडा किती स्वस्त आहे ते २०२४ साली लॅरीने दाखवले. लॅरी हा अमेरिकेतला बोका. रीस रिचर्डसन आणि निक वाइज या दोघा खोडकर अभ्यासकांनी त्याच्या नावावर बारा निरर्थक पेपर यंत्राकडून लिहवून घेतले, त्या बारांचे गोडवे गाणारे आणखी बारा पेपर तयार केले आणि सगळे नेटवर चढवले. गूगल स्कॉलरने निमूटपणे वही भरली: उल्लेख १३२, एच-इंडेक्स ११. बोक्याने त्या काळात काय केले म्हणाल, तर झोप काढली असावी.

बोक्याला हसणे सोपे आहे. जर्मनीतले भूलतज्ज्ञ योआखिम बोल्ट यांना कुणी हसले नाही. शिरेतून द्यायच्या हायड्रॉक्सिएथिल स्टार्च या द्रवाच्या बाजूने त्यांनी इतके पेपर टाकले की त्या विषयावर लिहिणाऱ्याला त्यांच्या मांडवातून गेल्यावाचून गत्यंतर नव्हते. २०१० मध्ये संशय आला, चौकशी झाली, आणि आजवर दोनशेहून अधिक पेपर मागे घेतले गेले. २०१३ साली त्यांचे पेपर बाजूला ठेवून उरलेल्या अभ्यासांची बेरीज मांडली, तेव्हा दिसले की अत्यवस्थ रुग्णांत या द्रवाने मूत्रपिंडे निकामी होतात आणि मृत्यू वाढतात. आहेर कुणाच्या खिशातून गेला, ते वहीत लिहायची पद्धत नाही.

शिवाय मामा बहिरे. गोवराच्या लसीला स्वमग्नतेशी जोडणारा, जेमतेम बारा मुलांवर बेतलेला अँड्र्यू वेकफील्डचा १९९८ चा पेपर ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० साली मागे घेतला. पण त्याला खोटा ठरवायचे तरी त्याचा उल्लेख करावाच लागतो. उखाणा घ्या नाहीतर शिवी हासडा, वहीत एकच रेघ.

आपल्याकडची तऱ्हा निराळी. २००५ ते २०१४ या दहा वर्षांत देशातल्या ५७९ वैद्यकीय संस्थांपैकी ३३२ संस्थांच्या नावावर स्कोपस या शोधनिबंधांच्या सूचीत एकही पेपर नव्हता. तरी बढतीला पेपर हवाच! मग पीजीचा विद्यार्थी जागरणे करून थीसिस लिहितो आणि त्याच्या पेपरवर नावे येतात ती लग्नपत्रिकेसारखी. आधी एचओडी, मग ज्यांना दुखावता येत नाही ते, मग ज्यांची बढती अडली आहे ते. लिहिणारा तळाशी, ‘आमच्या सरांच्या पेपरला यायचं हं’ म्हणणाऱ्या चिंटूच्या जागी.

या मांडवात महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर कुठे बसवायचे? बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून टिपलेली लक्षणे १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी विषाने हृदयावर येणारा ताण उतरवते हे त्यांनी दाखवले. शंभरात तीसेक दगावत, ते दोनचारांवर आले. आता भातकापणीत विंचू चावून वाचलेला गडी काही पेपर लिहीत नाही. त्याचे पाकीट वहीत चढलेच नाही.

मला मात्र परवा एका परदेशी नियतकालिकाची मेल आली: ‘आदरणीय प्राध्यापक, हृदयरोगावरील आपले थोर कार्य वाचून आम्ही भारावलो. पेपर पाठवा, चार दिवसांत छापू, फी डॉलरमध्ये.’ माझे हृदयविषयक कार्य म्हणजे जिना चढताना लागणारी धाप. तरी मेल अजून खोडलेली नाही. लॅरी अकरावर पोचला होता, मी अजून शून्य.