बिनकॅरेजची सायकल

माझ्या भाच्यानं पुण्याहून पाठवलेल्या सायकलीला स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही आणि कॅरेजही नाही. सेनगावात ती उतरवून घेतली तेव्हा ट्रॅव्हल्सच्या पोरानं डिकीत पुन्हा एकदा वाकून बघितलं, बाकीचे पार्ट आतच राहिले की काय म्हणून. किंमत मी कुणाला सांगत नाही. घरात एकदा सांगून बसलो. त्या दिवसापासून सायकल ओसरीवर न राहता आतल्या खोलीत धान्याच्या कोठीला टेकून असते, आणि तिचा उल्लेख ‘तुमची ती म्हैस’ असा होतो. कारण तेवढ्या पैशात चांगली दुभती आली असती.

हिला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखं, मेंढ्याच्या शिंगांगत खाली वळलेलं. टायर मात्र चांगले चाळीस मिलिमीटर रुंद, आणि त्यात हवा मुद्दाम कमी. खडी, मुरूम, फुफाटा, असं काहीही खाली आलं तरी ती चालते.

‘म्हणजे आपल्याकडच्या रस्त्यांसाठीच केली की रे!’ मी म्हणालो.

‘नाही मामा, इटलीतल्या,’ भाचा म्हणाला, आणि त्यानं मोबाइल पुढं केला.

तो मागच्या वर्षी तोस्कानात आठ दिवस सायकल चालवून आला होता. फोटोत टेकड्या, द्राक्षाचे मळे, सरूच्या झाडांची रांग आणि मधून पांढराफटक कच्चा रस्ता. त्या रस्त्यांना तिकडं ‘स्त्रादे बियांके’ म्हणतात, म्हणजे पांढरे रस्ते. त्यांच्यावर डांबर पडू नये म्हणून माणसं धडपडतात. जानकार्लो ब्रोची नावाच्या गृहस्थानं 1997 साली ‘लेरोइका’ नावाची सायकलफेरी सुरू केली ती याच काळजीपोटी. तिथं 1987 नंतर बनलेली सायकल चालत नाही. पुढं 2007 पासून त्याच रस्त्यांवर जगातले पट्टीचे सायकलपटू शर्यत लावू लागले. आता ती मार्चच्या सुरुवातीला असते, आणि अंगावर पांढरी धूळ घेऊन सगळे सिएना गावच्या शिंपल्यासारख्या उतरत्या चौकात येऊन थांबतात.

कच्चा रस्ता कच्चाच राहावा म्हणून चळवळ! आमच्याकडं पांदण पक्की व्हावी म्हणून तीन पिढ्या अर्ज करतात. 2021 मध्ये सरकारनं मातोश्रींच्या नावानं शेत-पाणंद रस्त्यांची योजना काढली, तेव्हा आमच्या शिवारातले लोक मोजणीच्या दिवशी लग्नाला यावं तसे जमले होते. कारण पांदण नकाशावर बैलगाडी जाईल एवढी असते आणि जमिनीवर बैल जाईल एवढी. दोन्हीकडचे धुरे दर वर्षी नांगराच्या एकेका तासानं आत सरकतात. मग महसूल कायद्याचं कलम 143, तहसीलची तारीख, आणि भावकीत अबोला. तोस्कानात रस्त्याच्या कडेला दगडी घर लागतं, तसा आमच्या रस्त्याच्या कडेला दावा लागतो.

मार्चमध्ये मात्र आमचीही पांदण बघण्यासारखी असते. पावसाळ्यात तिचं नाव काढू नये; काळी माती चाकाला अशी लपेटते की सायकल माणसावर बसून घरी येते. पण फाल्गुनात तीच माती पिठासारखी मऊ, कडेचा पळस पेटलेला, हरभरा निघालेला, आणि हळद शिजवण्याचा उग्र, ओलसर वास. पहिल्या दिवशी मी या वासाच्या मागं चार किलोमीटर गेलो आणि सराट्यात घुसलो.

सराटा कुठंही पडला तरी त्याचा एक काटा वर राहतोच. शास्त्रातलं त्याचं नाव ट्रिब्युलस. जुने रोमन लोक घोडदळाच्या वाटेवर चार टोकांचे लोखंडी काटे पसरून ठेवत, त्यांचंच हे नाव. हे झाड भूमध्य समुद्राच्या काठीही उगवतं, म्हणजे भाच्याची आणि माझी सायकल एकाच वैऱ्याच्या प्रदेशात चाललेली.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्यानं घमेल्यात पाणी घेतलं, टायर उचकटला आणि हात आत घालून चाचपला. मग माझ्याकडं अतिशय कणवेनं बघितलं.

‘सर, ट्यूबच नाही आतमधी.’

‘नसतेच तिच्यात.’

‘कोणी काढून घेतली असंल. कुठं लावली होती?’

तेवढ्यात टायरमधला पांढरा द्रव त्याच्या पँटवर सांडला. काटा रुतला की आतल्या आत भोक बुजवणारा तो चीक असतो. तो पोऱ्या मागं सरकून म्हणाला, ‘दूध देती का काय ही?’ ही गोष्ट घरी सांगायची नाही असं मी ठरवलं. ती माझ्या आधी घरी पोचली होती.

काट्याचं काही नाही. खरी अडचण वेगळीच आहे. ही सायकल कुठंही न जाण्यासाठी असते. म्हणजे निघायचं, हिंडायचं, परत यायचं. सेनगावच्या शिवारात ही सोय नाही. इथं प्रत्येक धुऱ्यावर एक माणूस उभा असतो आणि तो विचारतो, ‘कुठं निघाले, गुरुजी?’ पहिले काही दिवस मी खरं ते सांगितलं, ‘असंच.’

‘असंच’ हे उत्तर आमच्याकडं चालत नाही. असंच कोण फिरतं? घरी भांडण झालेला, जमीन विकत घ्यायला आलेला, किंवा डॉक्टरनं सांगितलेला. आठवड्याभरात मला साखरेचा आजार झाल्याचं पक्कं झालं. ‘गाडी कामून नाही आणली?’ या प्रश्नातून तर मोटारसायकल गहाण पडल्याची बातमी तयार झाली. वडिलांना चाळीस वर्षांत असं कुणी विचारलं नाही. त्यांच्या सायकलीच्या कॅरेजवर कधी दळणाचा डबा असे, कधी आई, कधी ज्वारीचं पोतं. कुठं निघाले ते मागच्या सामानावरून कळे.

शेवटी मी उत्तर शोधलं: ‘नर्सीला.’

नर्सी नामदेव आमच्याकडून हिंगोलीच्या बाजूला, कयाधूच्या काठी. नामदेवांचं जन्मगाव. आषाढीनंतरच्या वद्य एकादशीला परतवारीला तिथं माणूस मावत नाही. नर्सी म्हटलं की पुढचा प्रश्न येत नाही. चालत जा, सायकलवर जा, लोटांगण घालत जा. इथून निघालेला तो शिंप्याचा पोर थेट पंजाबात घुमानपर्यंत हिंडला, त्याची 61 पदं गुरू ग्रंथ साहिबात आहेत. अलीकडं वारकरी पंढरपूरहून घुमानपर्यंत सायकलीही नेतात. त्यांना कुणी ‘कामून’ म्हणत नाही. भाच्यानं सांगितलं की सिएनाच्या त्या शर्यतीत शेवटचा जीवघेणा चढ संत कॅथरिनच्या नावाच्या गल्लीत आहे. मी सनावळी काढली. ती 1347 ची, रंगाऱ्याची लेक. 1350 मध्ये नामदेव गेले तेव्हा तीन वर्षांची. एकाकडं कापड शिवायचं, दुसरीकडं रंगवायचं, आणि दोघांच्या दारात आज धापा टाकणारे सायकलवाले.

‘नर्सीला’ म्हणून मी दोन आठवडे सुखानं कयाधूच्या डोहापर्यंत जाऊन परत येत होतो. मग एके सकाळी हळदीच्या कढईपाशी बसलेल्या मावशींनी हटकलं.

‘कुठं, गुरुजी?’

‘नर्सीला.’

‘बरं झालं, देवच भेटला.’ त्या उठल्या, कढईतून नुकत्याच काढलेल्या वाफाळत्या हळदीची चार-पाच बोटं फडक्यात बांधली. ‘पहिली हळद हाय औंदाची. नामदेवाम्होरं ठिवा. माझे गुडघे नाही चालत आता.’ मग सायकलीला एक फेरी मारून, ‘ठिवता कुठं? कॅरेज बी नाही बाई हिला!’

गाठोडं हँडलला बांधलं. आता डोहापासून मागं फिरायची सोय उरली नव्हती. नर्सीला गेलो. हळद ठेवली, पायऱ्यांवर बसलो, उन्हातून परत आलो. जाताना-येताना मिळून आणखी दोन नारळ आणि एका नवसाची जबाबदारी अंगावर आली, ती पुढच्या खेपेला.

दिवाळीला भाचा आला. सायकल उजेडात नेऊन त्यानं बारकाईनं पाहिली. हँडलला गुंडाळलेली पांढरीशुभ्र परदेशी टेप एका बाजूनं पक्की पिवळी झालेली.

‘मामा, हे काय झालं?’

मी म्हटलं, ‘असंच.’