पौलाचे तंबू, माझा मंडप

पाळकाला पोटासाठी दुसरं काम शोधावं लागलं, तर त्याला बायबलचा भक्कम आधार आहे. प्रेषितांची कृत्ये, अध्याय अठरा. करिंथ शहरात पौल हा अक्विला आणि प्रिस्किल्ला या जोडप्याकडे उतरला आणि त्यांच्याबरोबर तंबू करून पोट भरू लागला. या अध्यायावर मी इतक्यांदा बोललो आहे, की मागच्या बाकावरची पोरं माझं पुढचं वाक्य माझ्याआधी पुटपुटतात. तंबू पौल करत होता तोवर मला हा विषय फार आवडायचा.

आमची मंडळी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी आहे. घरं तीसेक. अमेरिकन मराठी मिशननं नगरला काम सुरू केलं ते 1831 साली. मिशनच्या काळात पगार वेळेवर यायचा, असं म्हातारी माणसं अजून सांगतात. आता पगार रविवारच्या थैलीतून येतो आणि थैलीत काय येतं ते देवाला, खजिनदाराला आणि माझ्या किराणावाल्याला ठाऊक. कापणीच्या सणाला लोक कोंबड्या, बाजरी, भोपळे आणतात. उपासनेनंतर त्यांचा लिलाव होतो. कोंबड्यांवर बोली चढते. भोपळे पाळकाच्या घरी येतात. भोपळ्याची भाजी होते, भरीत होतं, घारगे होतात. पोरीच्या डिप्लोमाची फी होत नाही.

बायको शिलाई मशीनवर लोकांच्या साड्यांना फॉल-पिको करत होती. तिला धीर देण्यासाठी मी म्हणालो, “रेव्हरंड टिळकांनी तर 1917 साली मिशनचा पगार आपणहून सोडला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला.” ती दोरा तोडत म्हणाली, “स्मृतिचित्रे मीही वाचलंय. टिळक दरबार मांडायचे, संसार लक्ष्मीबाई मांडायच्या.” मी बायोडेटा लिहायला बसलो.

पहिली मुलाखत एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, स्टोअरकीपरच्या जागेसाठी. समोरचा मुलगा माझ्या पोरीपेक्षा चार वर्षांनी मोठा असेल.

“बी.डी. ही कसली डिग्री?”

“धर्मशास्त्राची. सेरामपूरची.”

“श्रीरामपूरला असं कॉलेज आहे?”

“सेरामपूर. बंगालमध्ये. तिथल्या कॉलेजला पदव्या द्यायचा अधिकार 1827 साली डेन्मार्कच्या राजानं दिला.”

त्यानं कागदावर ‘फॉरेन रिटर्न’ असं काहीतरी लिहिलं आणि मला पाणी मागवलं. मी अजून हावड्याचा पूलही पाहिलेला नाही. सगळं पुण्यात शिकलो. पण पाणी थंड होतं, मी गप्प राहिलो.

“हाताखाली किती माणसं होती?”

“दीडशेच्या आसपास.”

तो खुर्चीत सरसावला. “कंट्रोल आहे त्यांच्यावर?”

इथं मात्र खोटं बोलवेना. मी म्हणालो, “उभं राहा म्हटलं की उभी राहतात, बसा म्हटलं की बसतात. त्यापलीकडे काही नाही.” शेवटी त्यानं रविवारच्या पाळीचं विचारलं आणि मुलाखत तिथंच आटोपली.

मग एका फायनान्सवाल्याकडे वसुलीला लागलो. दुचाकीचे थकलेले हप्ते आणायचे. साहेबांना माझा आवाज आवडला होता. “भारदस्त आहे, माणूस घाबरेल,” म्हणाले. सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर कर्जदाराला फोन करायचा नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम त्यांनी मला समजावला. खरी अडचण वेगळीच होती. दर रविवारी मी दीडशे तोंडांकडून प्रभूची प्रार्थना म्हणवून घेतो; तीत आपण आपल्या ऋणकऱ्यांना ऋण सोडलं आहे, असं आम्ही स्वर्गाकडे लेखी नाही तरी तोंडी कळवत असतो. आणि सोमवारी मी त्याच गल्लीत हप्ता मागायला उभा. पहिल्याच घरी म्हैस आटली होती. बाई रडायला लागल्या. मी सवयीनं बसलो, ऐकून घेतलं, डोळे मिटून म्हशीसाठी प्रार्थना केली आणि निघताना त्यांनी दिलेले पाच किलो कांदे घेऊन ऑफिसात आलो. साहेबांनी कांदे टेबलावर पाहिले. वहीत त्यांची नोंद कुठल्या रकान्यात करायची ते त्यांना सुचलं नाही. माझी नोंद कुठं करायची ते लगेच सुचलं.

त्यानंतर घरपोच जेवण पोहोचवण्याचं काम. यात बोलायचं नसतं, म्हणून मला ते सुरक्षित वाटलं. हेल्मेटची काच खाली घेतली की पाळक कुणाला ओळखू येत नाही, असाही हिशेब होता. ईस्टरपूर्वीचे उपासाचे दिवस चालू होते. एका शुक्रवारी दुपारी चिकन बिर्याणी, फुल, जादा रायता, अशी ऑर्डर आली. नाव कुणा पोराचं होतं. बेल वाजवली आणि दार उघडलं आमच्या खजिनदारांनी. हेच खजिनदार आदल्या रविवारी चाळीस दिवसांच्या उपासाबद्दल साक्ष देऊन डोळे पुसत खाली बसले होते. घाम आला म्हणून मी नेमकी काच वर केली होती. आम्ही दोघंही क्षणभर एकमेकांकडे पाहत राहिलो. मग ते म्हणाले, “सलाम, पाळकसाहेब.” मी म्हणालो, “सलाम. पैसे ऑनलाइन आलेत.” एवढंच. पुढच्या कमिटीत पाळकाच्या पगारात हजार रुपयांची वाढ सुचवली गेली. सूचक खजिनदार. मी विरोध केला नाही. रेटिंगही त्यांनी पाच ताऱ्यांचं दिलं होतं.

हजारात फी भागत नव्हती. तेव्हा मंडळीतल्याच एका मंडपवाल्याला गाठलं. त्याचा बाप्तिस्मा माझ्या हातचा. “साहेब, तुम्हाला बांबू कसे उचलायला लावू?” म्हणून तो संकोचला. मी त्याला अध्याय अठरा ऐकवला. वर विल्यम कॅरीही ऐकवला: इंग्लंडात जोडे शिवणारा, बंगालात नीळ कारखान्याचा व्यवस्थापक, आणि तरी 1805 साली मराठीचं व्याकरण छापणारा. एवढं ऐकून घेण्यापेक्षा कामावर घेतलेलं बरं, असं त्याला वाटलं असावं.

पहिल्याच लग्नात मी बांधलेली कनात ऐन पंगतीत सुटली आणि विहीणबाईंना मठ्ठ्यासकट पोटात घेऊन खाली बसली. बाई आतून जे बोलल्या ते व्यासपीठावरून सांगण्यासारखं नाही. फाटलेली कनात मी भरपाई म्हणून घरी आणली. बायकोनं ती रात्रीत अशी शिवली, की मंडपवाल्यानं दुसऱ्या दिवशी झालरींचे तागे आणून टाकले. आता त्याचं सगळं शिवणकाम तिच्याकडे आहे आणि फी त्यातूनच भरली जाते. करिंथमध्ये प्रिस्किल्लाही तंबू करत होती, हे मी प्रवचनात एका दमात उरकून पौलाकडे वळायचो. आता त्या नावाशी मला थांबावं लागतं; पहिल्याच बाकावरून कुणीतरी रोखून पाहत असतं.

माझ्या हातून मंडपवाल्यानं दोरी काढून घेतली आणि माइक दिला. तिथं मी टिकलो. कांदे-बटाट्याच्या टेम्पोची, गाद्यांच्या सेलची, चष्म्यांच्या शिबिराची पुकार मी रेकॉर्ड करून देतो. परवा घंटागाडीची केली. मेंढरं आणि शेरडं वेगळी केली जातील, असं मी आजवर कितीदा सांगितलं. कुणी जागचं हललं नाही. आता रोज सकाळी सात वाजता तोच आवाज ओला आणि सुका वेगळा करा म्हणतो आणि अख्खी आळी डबे घेऊन धावत सुटते.

रविवारी खजिनदारांनी मला दारात गाठलं. “पाळकसाहेब, संदेश घंटागाडीसारखा असावा,” ते म्हणाले. “मुद्दे दोन, आणि गाडी थांबत नाही.”