परतीचं तिकीट दाखवा

आमच्या यवतमाळात सध्या एक वाक्य फार स्वस्त झालंय. "थायलंडले व्हिसा लागत नाई." पानठेल्यावर, दवाखान्याच्या बाकड्यावर, तेरवीच्या पंगतीत, कुठंही उभे राहा, कोणीतरी हे ऐकवतोच, आणि ऐकवतो अशा थाटात की थायलंड म्हणजे दिग्रसच्या पुढचा फाटा. २०२३ च्या नोव्हेंबरात त्या देशानं भारतीयांचा व्हिसा माफ केला, २०२४ च्या जुलैत मुक्कामाची मुदत ३० दिवसांवरून ६० केली, आणि तेव्हापासून आमच्याकडचे खत-बियाण्यांचे दुकानदार तिकडं 'अभ्यासाला' जाऊ लागले. कीटकनाशकाचे किती डबे विकले की कंपनीकडून किती दिवसांचा अभ्यास, हे ज्याचं त्याला पाठ असतं. बोंडअळीचा सखोल अभ्यास पट्टायाच्या किनाऱ्यावर जसा होतो तसा राळेगावच्या वावरात होत नाही, हे कबूल केलंच पाहिजे.

अशाच एका भाऊंनी परवा यादी आणून माझ्यापुढं टाकली. व्हिसा लागत नाही, त्याऐवजी काय काय लागतं त्याची. पासपोर्टची मुदत सहा महिने तरी शिल्लक हवी. हॉटेलचं बुकिंग हवं. खर्चाला पुरेसे पैसे हवेत आणि मागितल्यास ते दाखवता आले पाहिजेत. १ मे २०२५ पासून एक डिजिटल आगमन कार्ड आलंय, ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं. कार्ड फुकट आहे. पण फुकटचा फॉर्म फुकटात भरून देणारा माणूस आमच्या बसस्टँडच्या आसपास अजून जन्माला यायचाय. आणि यादीत शेवटी, ठळक अक्षरांत: परतीचं तिकीट.

"बाकी सारं समजलं," भाऊ म्हणाले, "पन हे काऊन? मी परत नाई येनार त जाईन कुठं? दुकान इथं, उधारी इथं, बायको इथं."

क्रम त्यांचाच आहे.

आता थायलंडला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. केनियानं २०२४ च्या जानेवारीपासून अख्ख्या जगाचा व्हिसा रद्द केला आणि त्याऐवजी ३० डॉलर भरून इलेक्ट्रॉनिक परवानगी घ्या म्हणून सांगितलं. भूतानला आपल्याला व्हिसा नाही, फक्त परवाना काढायचा आणि रात्रीचे १,२०० रुपये शाश्वत विकासासाठी द्यायचे. झोप लागो न लागो. इस्तंबूलहून निघालेल्या तुर्काला थायलंडचा व्हिसा लागत नाही आणि आर्णीहून निघालेल्या भाऊंनाही लागत नाही, पण काउंटरवर दोघांनाही प्रश्न एकच: परत कधी जाणार? पाहुण्याला जेवायला या म्हणायचं आणि उंबऱ्यावर विचारायचं, "निघणार किती वाजता?" आमच्याकडं असं विचारणाऱ्याच्या घरी पुन्हा कोणी सोयरीक करत नाही.

पण मी या तिकिटावर विचार केला, आणि जितका केला तितका मला त्यातला तर्क थोर वाटू लागला. हा प्रश्न बहुतेक वेळा तो देश विचारतच नाही, आपल्याच विमानतळावर विमान कंपनीचा पोरगा विचारतो. कारण प्रवाशाला पलीकडच्यांनी दारातून परत लावलं, तर त्याला माघारी आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडाचं भय. म्हणून तिकीट नसेल तर तो पोरगा तुम्हाला विमानातच चढू देत नाही. आता नीट बघा. ज्याच्याकडं परतीचं तिकीट आहे तो आत जातो. एकदा आत गेला की परत येणं न येणं त्याच्या मर्जीवर; तिकीट रद्द करता येतं, काही पैसेही मिळतात. ज्याच्याकडं तिकीट नाही तो मात्र नागपूरहून किंवा मुंबईहून घरी येतो, आणि चुकून पलीकडं पोचलाच तर कंपनी त्याला स्वखर्चानं आणून सोडते. सबब, परत येण्याची शंभर टक्के खात्री फक्त त्याच माणसाची देता येते, ज्याच्यापाशी परतीचं तिकीट नाही. त्यालाच तेवढं अडवतात.

या जागी आमच्या लोकांची प्रतिभा जागी होते. काहीशे रुपयांत परतीचं तिकीट भाड्यानं मिळतं. खरं विमान, खरी तारीख, खरा आरक्षण क्रमांक. दोन-तीन दिवस जिवंत राहतं आणि काउंटर ओलांडला की आपोआप मरतं. म्हणजे माणूस खरंच परत येणार, पुरावा मात्र खोटा. आणि पुन्हा मध्ये दहावी आहेच. दहावी राहिली असेल तर पासपोर्टात तशी नोंद पडते, आणि १८ देशांत नोकरीला जाताना आपलंच सरकार आधी परवानगी घ्या म्हणतं. थायलंड त्या १८ मध्ये आहे. फिरायला जाणाऱ्याला ही अट नाही, पण हा फिरायलाच चाललाय हे कशावरून? परतीच्या तिकिटावरून. एका कागदावर माणसाचं शिक्षण, नियत, बायको आणि उधारी एवढं सगळं तोलून धरायचं, म्हणजे त्या कागदाचंही कौतुक वाटतं.

यवतमाळच्या माणसाला परतीचं तिकीट मागणं हा तसाही क्रूर विनोद आहे, कारण आम्हाला जायचं तिकीट मिळायची मारामार. भारीला विमानतळ आहे, त्याला धावपट्टी आहे, प्रवासी विमान तेवढं नाही. नागपूर दीडशे किलोमीटर. रेल्वे म्हणाल तर आमची शकुंतला होती, मूर्तिजापूरला जाणारी अडीच फुटी. ती गेली ती परत आली नाही. तिच्याकडं कोणी परतीचं तिकीट मागितलं नव्हतं. कालिदासाच्या शकुंतलेची निदान एक अंगठी होती. ती माशानं गिळली, आणि भर दरबारात राजानं गरोदर बाईला विचारलं की ओळखीचा पुरावा काय. तेव्हापासून दारात उभ्या माणसाकडं कागद मागायची आपल्याकडं परंपराच आहे. आता वर्ध्याहून नवी रेल्वे निघाली, ती २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली आणि थांबली. तिथं चिंतामणीचं देऊळ आहे. दर्शन लांबलं असावं.

शकुंतलेवरून आठवलं. तिचं वाफेचं इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालं आणि व्हिसाशिवाय इकडं आलं ते १९९४ पर्यंत धावत राहिलं. हॉटेल बुकिंग नाही, पुरेसा निधी नाही, आगमन कार्ड नाही. आणि त्याला आणणारे? ते तर त्याच्या आधीपासून बसलेले. १८५३ साली फौजेच्या खर्चाची थकबाकी म्हणून इंग्रजांनी हैदराबादकडून आमचं वऱ्हाड घेतलं. कायमचं नाही, बरं का; कर्जापोटी, कारभार पाहण्यापुरतं. हैदराबाद परत मागत राहिलं आणि इंग्रज हिशेब दाखवत राहिले. शेवटी १९०२ मध्ये वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टाच लिहून घेतला, म्हणजे विषय मिटला. दरम्यान आमचा कापूस गाड्या भरभरून मुंबईला आणि तिथून विलायतेला गेला, तोही एकेरी तिकिटावर, आणि परत आला तेव्हा धोतर होऊन, चढ्या भावानं. आता थायलंडचा नियम असा की मुदतीपेक्षा जास्त राहिलात तर दिवसाला ५०० बात दंड, पण एकूण २०,००० च्या वर नाही. मी या दरानं वऱ्हाडचा हिशेब मांडून पाहिला. १८५३ ते १९४७, चौऱ्याण्णव वर्षं. दंडाची कमाल मर्यादा चाळिसाव्या दिवशीच गाठली जाते. उरलेली त्र्याण्णव वर्षं आणि काही महिने फुकट. मोठ्या मुक्कामाला सवलत असते ती अशी.

तेव्हा पुरावा कोणाकडं मागायचा याचा जगात एक पक्का नियम दिसतो: जो घ्यायला आला त्याला विचारू नये, जो मागायला आला त्याला सोडू नये. हा नियम शिकायला परदेशी जायची गरज नाही, तो घरीच मिळतो. पेन्शनवाल्या म्हाताऱ्यानं दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा, म्हणजे तो जिवंत असल्याचा पुरावा त्यानंच आणायचा. समोर उभा आहे, खोकतोय, हे चालत नाही. कापूस हमीभावानं विकायचा तर सातबारा, पीकपेरा, आधार, बँकेचं पासबुक, आणि वर ओलावा १२ टक्क्यांच्या आत असल्याचं यंत्रानं सांगायला हवं. दिवाळीला वेचलेल्या कापसात दंव असतं हे यंत्राला कोणी सांगायचं? २०१७ च्या पावसाळ्यात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं वीसहून जास्त माणसं मेली, शेकडो दवाखान्यात पडली, तेव्हा पहिला प्रश्न होता: हातमोजे घातले होते का? तोंडाला फडकं होतं का? डबा कोणी विकला, कोणत्या शिफारशीनं विकला, त्या डब्यावर कोण कुठं अभ्यासाला गेलं, हे प्रश्न यादीत फार खाली होते. आणि ज्या प्रवासाला परतीचं तिकीट नसतंच, त्या प्रवासाला निघालेल्या शेतकऱ्यालाही आपण सोडलं नाही. त्याच्या मागं 'पात्र' आणि 'अपात्र' अशी मोहोर घेऊन बसलो. जमीन त्याच्या नावावर होती का? बापाच्या नावावर असेल तर अडचण. दुसऱ्याचं वावर ठोक्यानं केलं असेल तर मोठी अडचण. कर्ज बँकेचं होतं की सावकाराचं, सावकार परवान्याचा होता की बिनपरवान्याचा, कर्ज थकलं होतं का, वसुलीचा तगादा होता का, असेल तर नोटीस दाखवा. एवढं सगळं जुळलं तर घरच्यांना मदत एक लाख रुपये: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. नाही जुळलं तर तो मेला ते त्याच्या मर्जीनं. त्याची बायको चुलीपुढं बसून कागद शोधते आणि बाहेर पंचनामा करणारे विचारतात, "दारू प्यायचा का हो?" या माणसांनी कोणत्या देशात प्रवेश मागितला होता? कोणत्या काउंटरवर उभे होते ते? हे लिहिताना माझा विनोद आटतो आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही.

तर आता आम्हीही नियम करायचं ठरवलंय. यवतमाळ जिल्ह्यात बाहेरून येणाऱ्यांची संख्या कमी नाही. पाहणी पथकं येतात, अभ्यासगट येतात, कॅमेरे येतात, प्रबंध लिहिणारे येतात. सकाळी नागपूरला उतरतात, दुपारी बांधावर उभं राहून बोंड हातात धरतात, फोटो काढतात, "परिस्थिती गंभीर आहे" म्हणतात आणि संध्याकाळच्या विमानानं जातात. अशा सर्व पाहुण्यांसाठी प्रवेशाच्या अटी खालीलप्रमाणे राहतील. व्हिसा लागणार नाही. आम्ही माणुसकीची माणसं आहोत. मुक्काम जिथं पाहणी तिथंच, म्हणजे कुडाच्या घरात. हॉटेलचं बुकिंग सापडल्यास रद्द करण्यात येईल. खर्चाला पैसे चालतील, पण तीन एकर कोरडवाहू कापसातून सुटतात तेवढेच. जास्त आढळल्यास कारण द्यावं लागेल. प्रवेश मृगात, पेरणीच्या दिवशी. निर्गमन शेवटच्या वेचणीनंतर, आणि तेही कापसाचे पैसे खात्यात जमा झाल्यावर. जमा न झाल्यास मुदत आपोआप वाढेल, दंड नाही. मुदतवाढीतला उंदीर, विंचू आणि लोडशेडिंगचा खर्च ज्याचा त्यानं करायचा. आणि सर्वांत महत्त्वाची अट: सीमेवर प्रत्येकाची झडती होईल आणि ज्याच्या खिशात परतीचं तिकीट निघेल त्याला प्रवेश नाकारला जाईल.

भाऊंना हे वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पन मंग कोनी येनारच नाई."

या निर्णयावर कोणाची हरकत असल्यास लेखी अर्ज करावा. अर्जासोबत आपण जिवंत असल्याचा दाखला, आपल्या नावावरचा सातबारा आणि वसुलीची एक तरी नोटीस जोडावी. पात्र ठरल्यास कळवू.